आपल्या गल्लीचा नंबर शेवटचा

आबा, वॉर्डात परत टँकर सुरू झालेत. शहर पार डोंगराच्या पायथ्याला जाऊन टेकलं, पण नळाला पाणी आठवड्यातून एकदा, ते बी आलं तर. तुम्ही फौजेतून सुभेदार होऊन आलात, नगरसेवक झालात, अन् पाठोपाठ तो दुष्काळ. टँकर आला की तुमची शिट्टी व्हायची. बाया हंडे घेऊन सरळ रांगेत, बोलणं बंद. नियम एकच, नगरसेवकाची गल्ली शेवटी. लोक वाहवा करायचे. आपल्या गल्लीला मात्र तळाचं गढूळ पाणी यायचं, कधी ते बी नाय. शेजारचे शिलाईवाले चाचा एकदा म्हणालेच, “सुभेदार साब, आपका उसूल सर आँखों पे, लेकिन हमारी गली का क्या कसूर?” तुम्ही भर रांगेत त्यांना झापलंत, “शिस्त जमत नसंल तर उचला हंडा!” त्यांनी मुकाट्यानं उचलला. मला लई लाज वाटली.

आईचं पिशवीचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस बी झाले नव्हते. त्या दिवशी टँकर आपल्यापर्यंत पोचलाच नाही. मी कॉलेजात. आई दोन हंडे घेऊन खालच्या विहिरीवर गेली अन् टाके उसवले. चाचांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तुम्ही आलात ते शेवटचा टँकर रिकामा करून. “कुणाला तरी सांगायचं की!” म्हणालात. आई भिंतीकडं तोंड करून म्हणते, “आपला नंबर नव्हता ना.” ती वाचली, पण पुन्हा कधी ताठ चालली नाही.

पुढच्या निवडणुकीला तुम्ही पडलात, अन् ते बी आपल्याच बूथवर मतांचा मार खाऊन. मग मतदार यादी घेऊन दिवसच्या दिवस बसायचात, कुणी दगा दिला ते हुडकत. चाचांच्या नावावर फुली मारलीत. ते स्वतः दारात आले, “अल्ला की कसम, मैं आपकोच दिया.” तुम्ही पेपर तोंडासमोर धरलात. मी आत चहा टाकत होते, सगळं ऐकत होते. मरेपर्यंत तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. तुमच्या मयतीला खांदा द्यायला मात्र तेच पुढं झाले.

त्या निवडणुकीत माझं पहिलंच मत होतं, आबा. मी दुसऱ्याच्या चिन्हासमोरचं बटण दाबलं. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, “आबांनाच दिलंस न्हवं?” मी व्हय म्हणलं. तुमच्यावरचा राग अजून गेला नाही माझा. तुम्ही लबाड असता तर केव्हाच गेला असता.

चाचा आता थकलेत. टँकर आला की मीच त्यांचा हंडा भरून देते. तुम्हाला हे सगळं लिहिता आलं, कारण हा कागद कुठं पोस्टात टाकायचाच नाही. चाचा तर समोरच्या ओट्यावर बसलेत. त्यांना सांगायला धीर होत नाही.