गळ्याचं माप

ता. १२, मंगळवार
डायलिसिसची खोली, खिडकीजवळची खुर्ची

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. म्हणजे मनातल्या मनात, कारण डावा हात मशीनला जोडलेला आहे आणि जरा हललो तरी ते बोंब ठोकतं. पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. चार तास बसून काढायचे, शेजारच्या खुर्चीतले ड्रायव्हरसाहेब घोरतायत, म्हटलं ताईला चार ओळी लिहू.

भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांच्या दोन पँटी माझ्याकडेच आहेत, कंबर सैल करून ठेवली आहे. कारखान्यात सध्या शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. सहाही मशीनं दिवसभर चालू असतात आणि इस्त्रीवाले काका सगळ्यांवर ओरडत असतात. म्हणजे नेहमीसारखंच.

हां, एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी माझं छोटंसं ऑपरेशन आहे. गळ्याचं. लगेच रडायला लागू नकोस. गळ्यात मसुराएवढ्या चार ग्रंथी असतात म्हणे. माझ्या फुगून लसणाच्या पाकळीएवढ्या झाल्यात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडतायत. म्हणून पाठ दुखते, म्हणून अंगाला खाज सुटते, म्हणूनच गेल्या महिन्यात कापडाचं थान उचलताना बरगडीला तडा गेला. (हे तुला कळवलं नव्हतं.) सर्जन म्हणाले, "साडेतीन काढू, अर्धी ठेवू." मी म्हटलं, "साडेतीन मीटर म्हणाला असतात तर लगेच समजलं असतं, साहेब." हसले नाहीत. तरुण आहेत अजून. पण बोटानं माझ्या गळ्यावर रेघ दाखवली ती बरोबर वळीवर. वळीत शिवण लपते हे त्यांना ठाऊक आहे, तेवढ्यानंही मला जरा धीर आला.

धीर कसला, तुझ्यापासून काय लपवायचं, टरकली आहे माझी. शनिवारी गणवेशाच्या कापडाचे वीस थर रचले, खडूनं आखले आणि कात्री काही चालेना. तीस वर्षं लोकांचं कापड कापतोय. चुकलं तर दुसरं थान फाडता येतं. इथे दुसरं थान नाही. शेवटी कापणं बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या गळ्याचं माप घेतलं. साडेपंधरा इंच. पुढून पूर्ण उघडणारा, डोक्यावरून ओढावा न लागणारा, मऊ कापडाचा बिनकॉलरचा शर्ट शिवायला घेतला. मशीनवर बसलं की डोक्यात दुसरं काही येत नाही. तीन दिवसांत चार शर्ट झाले. काका म्हणाले, "मास्टर, चार वेळा कापणार आहेत का तुम्हाला?"

तुला यायची काही गरज नाही. आपलं कानावर असावं म्हणून लिहिलं.

ता. १४, गुरुवार. तीच खुर्ची.

ताई, मंगळवारचा कागद खिशातच राहिला. आज काढून वाचला. भावोजींच्या पँटी आल्यात, ड्रायव्हरसाहेबांचं घोरणं आलंय, आणि जे लिहायला बसलो होतो तेवढंच नेमकं नाही.

या ग्रंथी आपोआप फुगल्या नाहीत. जेवणातलं फॉस्फरस रक्तात साठू नये म्हणून मला जेवताना चावायच्या गोळ्या दिल्या होत्या. तू रोज दुपारी एकला फोन करायचीस, "घेतलीस का रे?" मी म्हणायचो, "घेतली." घेत नव्हतो. आमच्याकडे एकच लांब टेबल, त्यावरच कापायचं आणि एक वाजता त्यावरच सगळ्यांनी जेवायचं. ती गोळी चावली की तोंड खडू खाल्ल्यासारखं पांढरं होतं. सगळे बघतात आणि बघत नसल्याचं दाखवतात. मास्टरचा हात चालतोय तोवरच मास्टरला मान, असं मला वाटायचं. मग मी गोळी मुठीत धरून हळूच खडूच्या डबीत टाकायला लागलो. थोडीथोडकी नाही, दोन वर्षं.

त्या दिवशी तू भावोजींच्या पँटी घेऊन आलीस आणि उंचीची खूण करायला ती डबी उघडलीस. अर्धे खडू, अर्ध्या गोळ्या. तू ओरडली नाहीस. फक्त म्हणालीस, "हे काय रे?"

मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही. पण लिहितो, नाहीतर हे पत्रही रोजच्या त्या "घेतली"सारखंच होईल. मी म्हणालो, "तुला मूल झालं नाही म्हणून माझ्यावर हौस भागवतेस." सगळ्या कारखान्यासमोर.

सहाही मशीनं थांबली. तू डबीचं झाकण लावलंस, ती टेबलावर ठेवलीस आणि जिना उतरून गेलीस. सात महिने झाले. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू सतरा. माझे डबे भरण्यात आणि अभ्यास घेण्यात तुझं कॉलेज राहून गेलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, ताई. ठाऊक होतं. कुठे लागेल ते ठाऊक होतं म्हणूनच तिथे मारलं.

परवा दुपारी तुझ्याकडे फोन आला आणि कुणी बोललं नाही ना? तो मीच. इथल्या काउंटरवरून केला होता. तू दोनदा "हॅलो" म्हणालीस आणि मी ठेवून दिला.

ऑपरेशननंतर हाडं रक्तातलं कॅल्शियम परत अधाशासारखी ओढून घेतात. ओठांना मुंग्या येतात, बोटं वळतात. काही आठवडे तासातासाला गोळ्या द्यायला कुणीतरी सोबत लागतं. नर्सनं विचारलं, घरी कोण असेल? मी तुझं नाव आणि नंबर लिहिला. "बोलावलं तर येतील ना?" "येतील की," मी म्हटलं. तुला न विचारता. म्हणजे खोटं बोलायची सवय अजून सुटलेली नाही. तुझी इच्छा नसेल तर नाव काढायला सांगतो. काका राहतो म्हणालेत.

आता शेवटचं. आवाजाची नस त्या ग्रंथींना खेटूनच जाते. सर्जन म्हणाले, बहुतेकांना काही होत नाही, पण एखाद्याचा आवाज बसतो, क्वचित कायमचा. मी मान डोलावली आणि सही केली. मग बाहेर बाकावर येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं. या आवाजात तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते आहे.

थोड्या वेळात मला वरच्या मजल्यावर नेतील. काका खाली थांबलेत, ते पत्र घेऊन थेट तुझ्याकडे निघतील. उद्या आठला मला आत नेणार आहेत. सातला भेटू देतात. दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडची खोली. नंतर माझ्याजवळ थांबायचं की नाही ते तू ठरव, मी एक शब्द बोलणार नाही. पण त्याआधी पाच मिनिटं ये. माझं चुकलं, हे कागदावर लिहून भागणार नाही. आवाज आहे तोवर तुझ्यासमोर म्हणायचंय.

तू वाढवलेला,
धाकटा