कानोसाला कुलूप नको

मी, श्रीमती सुधा माधव वांदिले, निवृत्त संगणक अध्यापिका, राहणार बोरगाव मेघे, वर्धा, पूर्ण शुद्धीत, कोणी सांगितलं म्हणून नव्हे तर स्वतःच्या विचाराने हे मृत्युपत्र लिहीत आहे. प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. याची अंमलबजावणी ॲड. वेदश्री हिवरे यांनी करावी.

१. राहतं घर, ठेवी आणि दागिने माझी एकुलती मुलगी ऋचा हिला. घर विकायचं असेल तर तिने खुशाल विकावं. माझ्या आठवणीपोटी अडून राहू नये.

२. 'कानोसा' हा मराठी मजकूर मोठ्याने वाचणारा संगणक प्रोग्राम मी माझे यजमान माधव यांच्यासाठी लिहायला घेतला. ते केळझरला शाळेत मराठी शिकवायचे. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली आणि पेपर वाचून दाखवणं माझ्याकडे आलं. मी अग्रलेखातले परिच्छेद गाळते, हे त्यांना लगेच कळायचं. प्रोग्राम बोलू लागला तो त्यांच्याच आवाजात. त्याचा सगळा कोड आम्ही इंटरनेटवर खुला ठेवला. कोणीही घ्यावा, सुधारावा, आणि सुधारलेला पुढे देताना तसाच खुला द्यावा, एवढीच परवान्याची अट.

३. माझा विद्यार्थी निशांत चौधरी याच्यासोबत मी कंपनी काढली. प्रोग्राम फुकट, तो बसवून देणं, शिकवणं आणि दुरुस्ती यांचे पैसे. ग्रंथालयं आली, बँका आल्या. मग पुण्याची एक मोठी कंपनी आम्हांला विकत घ्यायला निघाली. अट अशी, की पुढचा कोड बंद राहील. मी नकार दिला तेव्हा निशांत आमच्या बैठकीत शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमाले पेन्शन आहे. या पोराईचे पगार मी कुठून करू?"

त्या प्रश्नापुढे माझा नकार डळमळला.

शेवटी व्यवहार अडला तो रोहण्याच्या गुंजन भोयरमुळे. ती जन्मांध आहे, शिक्षिका आहे. जोडाक्षरं वाचण्याचा भाग तिने लिहिलेला, त्यावर हक्क तिचा. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "ज्याले पाह्यजे त्याले फुकट देजा. कुलूप लावाले माही सही भेटणार नाई."

निशांत पुण्याच्या त्याच कंपनीत नोकरीला गेला. माधव आजारी असताना आला नाही. हे मी विसरलेले नाही, आणि इथे मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे मागे कोणी मला क्षमाशील म्हणणार नाही. पण त्या कंपनीने कानोसा घेतला, त्यातली आकडे वाचण्याची चूक सुधारली आणि ती सुधारणा दडवून विकायचं ठरवलं, तेव्हा तो वरिष्ठांशी भांडला. परवाना त्यांच्यापुढे ठेवून ती खुली करायला लावली आणि राजीनामा देऊन वर्ध्याला परतला. तेव्हा माधव नव्हते. आता आमची कंपनी तोच चालवतो. वार्षिक देखभालीची कामं त्याने मिळवली आहेत. पगार मोठे नाहीत, पण वेळेवर होतात.

४. म्हणून कंपनीतला माझा संपूर्ण हिस्सा निशांतला. त्याने कमवावं, संकोच करू नये. माझं नाव सांगून कोणी सेवा फुकट मागितली, तरी बिल द्यावं.

कोडवरचे माझे हक्क मात्र निशांत आणि गुंजन या दोघांना मिळून. दोघांच्या सह्यांशिवाय परवान्यात बदल होणार नाही. त्यांचं आपसात पटत नाही, हे मला ठाऊक आहे. एकाला पगारांची काळजी, दुसरीला कुलपाची. मला दोन्ही काळज्या जिवंत हव्या आहेत.

५. कानोसाचा आवाज तयार करण्यासाठी माधव कित्येक महिने वाक्यं म्हणत बसायचे; मी सांगायची, ते म्हणायचे. त्या मूळ ध्वनिमुद्रणाची हार्ड डिस्क ऋचाला. ती कंपनीला देऊ नये, खुलीही करू नये. निशांतने मागितली तरी नाही, गुंजनने मागितली तरी नाही. यावर मला कोणी खुलेपणाचा अर्थ समजावू नये. त्यात वाक्यांच्या मधे माधव खोकतात, पाणी मागतात, आणि एकदा म्हणतात, "सुधा, थांबू आता. थकली तू."

वाचणारा आवाज आम्ही दोघांनी सगळ्यांना देऊन टाकला. हा माझा होता. माझ्यानंतर ऋचाचा.

हे लिहिलेलं मी स्वतः वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) सुधा माधव वांदिले

सुधाताईंनी आमच्यादेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही:
१. (सही) पीयूष देवतळे, शेजारी, बोरगाव मेघे
२. (सही) प्रमिलाबाई ढगे, निवृत्त ग्रंथपाल, वर्धा

स्थळ: वर्धा
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५