ओढ्याच्या दरडीतला टेरियर

आबा,

परवा मी काकांना बघायला गावी गेले होते. तुमचे धाकटे भाऊ आता अंथरुणावरच असतात. माझा हात धरून त्यांनी एकदम गड्याचा विषय काढला. इतक्या वर्षांत, तुम्ही जाईपर्यंत, तो तुम्ही कधी काढला नव्हता, त्यांनीही नाही. उचगावला परत आल्यापासून घरातल्या कामात लक्ष लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

गारगोटीजवळच्या ज्या बंगल्यावर तुम्ही जीप चालवायचात, तिथल्या साहेबांची बदली झाली आणि जाताना ते कुत्रं त्यांनी तुमच्या हवाली केलं. फॉक्स टेरियर, असं सांगितलं होतं. गावानं त्याचं 'टेरर' करून टाकलं, तुम्ही नुसतं 'गड्या' म्हणायचात. दिसायला रुबाबदार वगैरे काही नव्हता. उंची गुडघ्याखाली, अंग पांढरं, तोंडाची एकच बाजू तपकिरी, कान पुढं दुमडलेले. छाती एवढी अरुंद की माझ्या हातांच्या कवेत सहज मावायची. शेपटी आखूड कापलेली. बिळात अडकला तर तिला धरून ओढायचं, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. स्वस्थ बसणं मात्र त्याला ठाऊकच नव्हतं. आईचं सारवून होतंय न होतंय तोच हा कोपरा उकरायला लागायचा. "ह्येला घुशीच्या पोटी घालायचा हुता देवानं," ती ओरडायची, आणि संध्याकाळी तीच त्याला पोतं अंथरायची.

उसाच्या बांधात घुशी झाल्या की लोक तुम्हाला बोलवायला यायचे. गड्या बिळाच्या तोंडाशी थरथरत उभा राहायचा, भीतीनं नाही, धीर निघत नसायचा म्हणून. आत शिरून घूस तोंडात धरून बाहेर आला की मानेचा एक झटका, घूस खाली, आणि लगेच पुढचं बीळ. खेळवणं नाही, खाणं नाही. मला ते बघवायचं नाही आणि मी जागची हलायचेही नाही. एकदा तो तसंच रक्ताळलेलं तोंड माझ्या मांडीला घासायला आला, तेव्हा मी त्याला पायानं ढकललं. तुम्ही माझ्यावर क्वचितच ओरडलात, त्यातलं हे एक. "काम करून आलाय त्यो. काम करून आल्याला असं ढकलत्यात व्हय?"

मग काकांच्या भुईमुगात साळिंदर पडायला लागलं. ओढ्याच्या दरडीत त्याचं बीळ सापडलं. तुम्ही वाकून बघता आणि मान हलवता. "ह्ये घुशीगत न्हवं. काटं घालंल त्ये." काका हसतात. "दादा, तुझा टेरर भितोय व्हय?" भोवती गावातले लोक उभे असतात. तुम्ही गड्याची साखळी सोडता.

भुंकणं आत आत जात राहिलं आणि एका जागी थांबलं. दुसरं कुठलं कुत्रं मागं फिरलं असतं. ह्या जातीला मागं फिरता येत नाही. आत कुठंतरी माती ढासळली आणि बीळ बुजलं. तुम्ही पहार घेतलीत, काकांनी कुदळ. मला जमिनीला कान लावून पालथं पडायला सांगितलंत. "रडू नगं. ऐक. आवाज कुठनं येतोय?" मी बोट दाखवायचे, तिथं तुम्ही खणायचात. करंजाच्या मुळ्या आडव्या आल्या, तुमच्या तळहातांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी भुंकणं बंद झालं होतं, नुसतं खरवडणं उरलं होतं. दुपारी तुम्ही एकाएकी खड्ड्यातून वर बघून म्हणालात, "घरला जा. आईला च्या ठेवाय सांग."

"आबा, अजून ऐकू येतंय की!"

"जा म्हनतोय न्हवं!"

तुम्ही घरी आलात तेव्हा अंगात सदरा नव्हता. चहाला हात लावला नाहीत. "सुटला त्यो," म्हणालात. "वरल्या अंगानं भाईर पडला आन् डोंगराकडं पळाला. यील चार दिसांनी." आई चुलीकडं तोंड करून बसून राहिली.

परवा काका म्हणाले, "जिता हुता गं त्यो. काटं डोळ्यांत गेलतं, नरड्यात बी. मातीनं पाठ मोडलीती. मी म्हनलं, दादा, माझ्यामुळं झालंय, मी संपवतो. त्यो म्हनला, न्हाई, साखळी म्या सोडलीया. आन् मला वर जायाला लावलं." पुढचं त्यांनी पाहिलं नाही. फक्त पहारीचा एकच आवाज आला म्हणाले. "पोरीला सांगू नगं म्हनलाता. आता मी बी किती दिवसाचा?" एवढं बोलून ते भिंतीकडं वळले. त्या दिवसानंतर तुम्ही त्यांच्या वावरात पाऊल ठेवलं नाहीत, आणि का, हे गावात कुणाला कळलं नाही.

हा कागद मी काकांनाही दाखवणार नाही. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. पुढं कितीतरी दिवस मी रोज संध्याकाळी परसात वाटीभर दूधभाकरी ठेवायचे. सकाळी वाटी रिकामी असायची, आणि तुम्ही म्हणायचात, "यिऊन गेला बघ." एका सकाळी मी लवकर उठले आणि तुम्हाला ती वाटी म्हशीच्या घमेल्यात उपडी करताना पाहिलं. आबा, गड्या मेलाय हे मला तुम्ही सदऱ्याशिवाय दारात आलात तेव्हाच कळलं होतं. वाटी त्याच्यासाठी नव्हतीच. तुमचं खोटं मला पटलंय, असं तुम्हाला वाटावं म्हणून मी ती ठेवत होते.