टीव्ही किती उंचीवर लावायचा

खराडी, पुणे
मंगळवार दुपार

प्रिय रुपाली,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, आईसुद्धा. फोन केला असता तर तिसऱ्या वाक्याला मी पुन्हा भांडले असते, आणि मेसेज केला असता तर तू नुसता अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस. अंगठ्याशी माणूस काय बोलणार? मला जे सांगायचं आहे ते तू एका दमात, मध्ये तोंड न घालता ऐकून घ्यावंस, म्हणून कागद काढला. बारा दिवस झाले आपण बोललो नाही. नणंद-भावजय टीव्हीच्या उंचीवरून भांडल्या हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, फार जुना आहे. तू यवतमाळहून शिकायला आलीस, हॉस्टेलच्या मेसला वैतागलीस आणि मी तुला एका रविवारी सहकारनगरच्या घरी जेवायला आणलं, तेव्हापासूनचा. आईने पहिलं थालीपीठ तुझ्या ताटात टाकलं होतं. मी वीस वर्षं तिची मुलगी, आणि करपलेलं दुसरं माझ्या वाट्याला. तू लाजत लाजत तीन खाल्लीस. पुढे तू विश्वजीतदादाशी लग्न केलंस आणि कायमचीच तिथे राहिलीस. मी मैत्रीण घरी आणली, तिची वहिनी झाली, आणि मी वैजनाथशी लग्न करून बाहेर पडले. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, सासू-सुनेचं इतकं जमतं म्हणजे तुझ्या जिवाला घोर नाही. मी मान डोलवायचे. घोर नव्हता गं, जळफळाट होता. तूही तिला आईच म्हणायचीस आणि ती दोघींनाही सारख्याच आवाजात ओ द्यायची.

म्हणून तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सगळे हळहळत होते आणि मी मनातून खूश होते. दादा मस्कतला, तू मार्केट यार्डाच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या घेतल्यास. मी लगेच म्हटलं, आई तीन वर्षं माझ्याकडे राहील. अठरा वर्षं तुला मिळाली, आता माझी पाळी. तू जरा वाद घालशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "तुझीही आईच आहे, विचारतेस काय?" चांगलं बोललीस, तेही मला लागलंच.

मग मी हॉलच्या मागे लागले. आईला करमावं म्हणून पासष्ट इंचांचा टीव्ही घेतला. तुला माझा स्वभाव माहीत आहे, मी दोन आठवडे फक्त वाचत होते. सोफ्यापासून किती अंतर हवं, खिडकी कुठल्या बाजूला हवी, कुठल्या मोडमध्ये माणसाच्या कातडीचा रंग माणसासारखा राहतो. दुकानातून येतो तेव्हा टीव्ही रंगपंचमी खेळून आल्यासारखा भडक असतो. तो मी शांत केला. माणसं लोण्यावरून घसरल्यासारखी चालत होती, ते सेटिंग शोधून बंद केलं. खिडकीला जाड पडदे शिवून घेतले. टीव्हीच्या चित्राचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यायला हवा, म्हणून वैजनाथला सोफ्यावर ताठ बसवलं आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खूण केली. वैजनाथ सहा फूट उंच आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तो बिचारा पाऊण तास हलला नाही आणि शेवटी म्हणाला, "परभणीत आमच्याकडं मुलगी बघायला गेल्यावर पण इतकं ताठ बसावं लागलं नव्हतं." चार भोकं पाडून ब्रॅकेट ठोकला. सोफ्यावरून चित्र असं दिसत होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. सहकारनगरला तुझा टीव्ही अजून शिलाई मशीनच्या मिटलेल्या टेबलावर ठेवलेला असायचा. नवा घेतलास तोही तिथेच ठेवलास. मी दर वेळी मनात म्हणायचे, हिला साधी भिंत वापरता येत नाही.

आई आली. पहिल्या दिवशी मी तिला सोफ्यावर बसवून रिमोट हातात दिला. दुसऱ्या दिवशी ती मेथीची जुडी आणि परात घेऊन बाल्कनीच्या दाराशी, उजेडात, जमिनीवर बसली. टीव्हीपासून चार फुटांवर, जवळजवळ त्याच्या खाली. मी म्हटलं, वर बस. म्हणाली, "वर बसलं की पाहुणी आल्यासारखं वाटतं. आणि गुडघे अजून माझं ऐकतात." चार-पाच दिवसांनी हळूच म्हणाली, "उत्कर्षा, ह्यात चेहरे जरा पिठात लोळल्यासारखे दिसतात गं."

झालं. मी सोफ्यावर बसले, बघितलं, चेहरे उत्तम. तरी रंग वाढवले, उजेड कमी केला, सोफ्यावरून पुन्हा तपासलं. आईला विचारलं, आता? ती म्हणाली, बरं आहे. म्हणजे बरं नव्हतं. कंपनीचा माणूस दोनदा बोलावला; तोही सोफ्यावर बसला, चहा प्यायला आणि सेट झकास आहे म्हणून सही घेऊन गेला. मग मला शंका आली की दोष तिच्या डोळ्यांतच असेल. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ह्यांचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत, तुम्हीच तपासून घ्या. रिक्षातून येताना मी तिच्याशी बोलले नाही. मला खात्री झाली होती की तिला तुझा टीव्ही आठवतोय, आणि माझ्या घरातलं काहीच तिच्या मनास येणार नाही.

आणि मग त्या गुरुवारी, गुढीपाडव्याची सुट्टी म्हणून, तू आलीस. लिंबाच्या लोणच्याची बरणी टेबलावर ठेवलीस, सोफ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, सरळ आईशेजारी फतकल मारलीस आणि तिच्या परातीतली अर्धी गवार आपल्या पुढ्यात ओढलीस. दोन शेंगा मोडल्या असतील. मान वर केलीस आणि हसत सुटलीस. "अगं उत्कर्षा, इथून तं सगळे भुतासारखे पांढरे दिसून राहिले! आईंना मान मोडून भुतं बघायला लावतेस का?" आई हसली. दोन महिन्यांत ती माझ्याकडे तशी हसली नव्हती. वैजनाथ तर लगेच ड्रिल आणायला उठला, म्हणाला, दहा मिनिटांत खाली घेतो.

दोन महिने मी जे शोधत होते ते तुला दोन शेंगांत सापडलं. मला ते सहन झालं नाही. मी काय बोलले ते तू विसरली असशील असं मी स्वतःला सांगत होते, पण असं कुणी विसरत नाही. म्हणून इथे लिहिते, म्हणजे मी ते टाळलं असं होणार नाही. मी म्हणाले, माझ्या घरात काय कुठे लावायचं ते मी ठरवीन. आणि म्हणाले, तुला सासू मिळाली आहे, आई नाही, ती माझी आहे. आईचा हात परातीत तसाच थांबला. तू गवारीची देठं गोळा केलीस, केरात टाकलीस, हात धुतलेस आणि चहा न घेता निघालीस. लिफ्टपाशी वैजनाथ तुझ्यामागे आला होता, मी नाही.

दुसऱ्या दिवसापासून आई सोफ्यावर बसायला लागली. मी सांगितलं नव्हतं. पदर नीट घेऊन, पाय जवळ घेऊन, हात मांडीवर ठेवून. भाजी ती आता ओट्याशी उभी राहून निवडते. मी ऑफिसच्या कॉलमधून मान वर केली की म्हणते, "छान दिसतं हो आता, अगदी स्पष्ट." मी काही न विचारताच म्हणते. पहिले दोन दिवस मला वाटलं, जिंकले. तिसऱ्या दिवशी तिने चहाचा कप उचलताना खाली बशी धरली, जोशीकाकूंकडे पाहुणी म्हणून गेल्यावर धरते तशी.

काल ती बिल्डिंगमधल्या बायकांबरोबर देवळात गेली होती. माझ्या कानातल्याची फिरकी पडली आणि घरंगळत बाल्कनीच्या दाराशी गेली. शोधायला म्हणून मी जमिनीवर बसले. फिरकी सापडली आणि सहज वर बघितलं. टीव्ही चालू होता. रुपाली, तिथून खरंच काही दिसत नाही. चेहऱ्यांना नाक नाही, साड्यांना रंग नाही, आणि वरच्या अर्ध्या भागात आमच्या छताचा दिवा चकाकत असतो. मी इतकं सगळं मोजलं, वाचलं, कंपनीचा माणूस दोनदा बोलावला, तिला डॉक्टरकडे नेलं. आई जिथे बसते तिथे बसून एकदा वर बघायचं तेवढं राहिलं. आणि शिलाई मशीन आठवलं. ते टेबल बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीचं होतं. लहानपणी मी तिच्या उजवीकडे बसून मटार सोलायचे, म्हणजे निम्मे खायचे, आणि आम्हाला सगळं स्वच्छ दिसायचं. ते मी विसरले. तू अठरा वर्षं ते मशीन हलवलं नाहीस. मला मोठा धक्का बसला तो ह्याचा. मी रडले, आणि हो, रडताना सुद्धा तुझा हेवाच वाटत होता.

सकाळी मी सुट्टी टाकली. वैजनाथने आणि मी टीव्ही उतरवला, बुटांचं बैठं कपाट धुऊन-पुसून हॉलमध्ये आणलं आणि त्यावर तो ठेवला, तोंड बाल्कनीच्या दाराकडे जरा वळवून. ह्या वेळी मोजायला वैजनाथ नाही, मी बसले, मांडी घालून. भिंतीवर चार भोकं राहिली आहेत, फार वाईट दिसतात. आई पूजा करून बाहेर आली, उभी राहून बघत राहिली. मग आत गेली आणि परात घेऊन आली. बसली. भेंडीची टोकं काढता काढता थोडा वेळ बघितलं. मी वाट बघत होते, एखादं कौतुक, निदान माझं नाव. ती म्हणाली, "आता बरं दिसतंय. रुपालीला कळव हो."

तर कळवते आहे. आईला आता टीव्ही बरा दिसतो. निरोप पोचवला, आता माझं. मी जे बोलले ते चुकीचं होतं आणि दुष्टपणाचं होतं, मला माफ कर. ती तुझी आई आहे, हे लिहिताना हात जड होतो, तरी लिहिते. तीन वर्षं कुठे राहायचं हे तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्ही ठेवाल तिथे. म्हणून मी तिला विचारलं नाही, तिची बॅग उघडून बघितली. दोन महिने झाले तरी साड्या बॅगेतच आहेत, कपाटात मी रिकामा करून दिलेला खण तसाच आहे. फक्त तुझ्या लोणच्याची बरणी तिने त्यात ठेवली आहे. शनिवारी सकाळी मी तिला बॅगेसकट तुझ्याकडे राहायला घेऊन येते. तिला अजून सांगितलेलं नाही, आधी तू हो म्हण. दोन खोल्यांत अडचण होईल म्हणू नकोस, तिला जमिनीवर कितीशी जागा लागते? टीव्ही मशीनवरच असेल, तो हलवू नकोस. मी दर रविवारी येणार आहे आणि सोफ्यावर बसणार नाही. मात्र आईच्या उजवीकडची जागा मोकळी ठेव. तू डावीकडे बस. उजवीकडे मी तुझ्या आधीपासून बसते आहे.

अजूनही हेवा करणारी, पण तुझीच,
उत्कर्षा