चैत्र-वैशाखाची वही

लिहून ठेवणार: उस्मान हाशिम तांबोळी, वय ७६, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार भोर, जिल्हा पुणे.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. हात कापतो, पण चहाचा कप धरताना. स्क्रू धरताना नाही. कुणाचा दाब नाही. आतून माझी बायको शाहिस्ता "एवढं काय लिवताय?" म्हणून विचारते आहे, तो दाब समजू नये.

१. घर आणि दुकानाबद्दल मी काही लिहीत नाही. शरीयतप्रमाणे शाहिस्ता, मुलगा इरफान व मुलगी अजरा यांचे हिस्से ठरलेले आहेत. बाकी किरकोळ वस्तू आहेत, मृत्युपत्राने देता येणाऱ्या तृतीयांशात सहज बसतील.

२. दुकानातली हत्यारे व डोळ्याचे भिंग अजराला. वारसाला जास्तीचे द्यायला बाकीच्या वारसांची संमती लागते; शाहिस्ताची आणि इरफानची ना नाही. "अब्बा, मला चिमटा धरला की शिंक येते," असे तो स्वतः म्हणाला आहे. माझ्यामागेही त्याने हेच म्हणावे.

३. गच्चीवरची सहा इंची दुर्बीण, कॅमेऱ्यासकट, उत्रोलीचे भातशेतकरी गेनबा रखमाजी धुमाळ यांना. तिचा आरसा मी चौदा महिने हाताने घासला आहे. तो फडक्याने पुसू नये.

गेनबांविषयी खुलासा करणे भाग आहे, कारण वीस वर्षे मी या माणसावर जळतो आहे. मनगटी घड्याळ दुरुस्तीला घेऊन आले आणि माझ्या ताऱ्यांच्या पुस्तकाला चिकटले. शिकवले मी, पुढे गेले ते. आमच्या घरी शाहिस्ता त्यांना "गेनबाभावजी" म्हणत आल्याचा चहा देते. मला मागावा लागतो.

पुण्याच्या संशोधक बाईंनी आम्हा हौशी लोकांना काम दिले होते. आपल्या आकाशगंगेत मेलेल्या ताऱ्यांची कृष्णविवरे गुपचूप बसलेली आहेत. काही गिळत नाहीत, म्हणून उजेडही नाही. पण एखादा तारा न दिसणाऱ्या वजनाभोवती फिरत असेल, तर त्या ओढीने तो ताणला जातो आणि त्याचा उजेड ठरल्या वेळी किंचित कमीजास्त होतो. आमच्या वाट्याला कर्क राशीतला एक मंद तारा आला.

बाईंनी भोरला व्याख्यान दिले तेव्हा गेनबा उठून म्हणाले, "बाई, तिन्हीसांजेला मळणी चालली की लांबनं तिवडा दिसत न्हाई, बैल तेवढा गोल फिरताना दिसतो. मधी खांब हाय हे कळतंच की." बाईंनी ते लिहून घेतले. तीस वर्षे पुस्तके मी वाचली, आणि टाळ्या तिवड्याला.

त्याचा वचपा काढायला मी घाई केली. शेजारचा एक स्थिर ताराही रोज मोजायचा आणि आपला तारा त्याच्याशी ताडायचा, हा नियम. मी त्या शेजाऱ्याचा जुनाच आकडा धरला. चैत्रात आठ दिवस आपला तारा मंदावला. मी बाईंना फोन केला, आळीत पेढे वाटले. गेनबांनी पेढा तोंडात टाकला, खिशातली डायरी काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "उस्मानभाई, हे आठ दिवस वरच्या वाडीला राब भाजत व्हते. रोपांच्या जाग्यावर पाला पेटवला की धूर तुमच्याच गच्चीकडं येतो, शेजारचा ताराबी मंद व्हतो. पेढा मातर झ्याक हाय." आळी हसली. शाहिस्तासुद्धा.

४. म्हणून आता खरे कलम. त्या दिवसानंतर मी नियमाने मोजले आणि कुणाला सांगितले नाही. उत्रोलीच्या पश्चिमेचा डोंगर चैत्र-वैशाखात हा तारा लवकर गिळतो. गेनबा आपल्या लहान दुर्बिणीने तिथूनच मोजतात, म्हणून त्यांच्या नोंदीत भोक पडते. चढउतार ताऱ्यावरच्या डागांचा की ओढीचा, हे सलग मोजणीशिवाय कळत नाही. बाईंनी स्पष्ट सांगितले, भोक बुजले नाही तर हा तारा मोठ्या दुर्बिणीच्या यादीतून या जूनला काढावा लागेल.

गेनबांनी दोनदा विचारले, "भाई, तुमच्याकडं चैत्र-वैशाखाचं काय हाय का?" दोन्ही वेळा मी "न्हाई" म्हणालो. होते. दोन वर्षांचे, एकही कोरडी रात्र न चुकवता. निळ्या पुठ्ठ्याची ती वही कुराणशरीफच्या कपाटात नाही, तिथे खोटे ठेवू नये. ती शिवणयंत्राच्या खणात आहे. माझ्यामागे ती गेनबांना द्यावी.

(कलम ४ खोडले आहे. खोडणारा मीच. कारण असे:)

साक्षीला मी गेनबांनाच बोलावले होते. हा कागद तपासणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळणार त्यानं साक्षीदार नसावं, चाचा." दुर्बिणीचे कलम मी लगेच अजराच्या नावे फिरवले, कलम ३ मध्ये गेनबांच्या जागी अजरा वाचावे; ती गेनबांना हात लावू देईल. इरफानने मान डोलावली. वहीचे काय करावे कळेना. शेवटी खण उघडला आणि वही त्यांच्या हातात दिली. जून यायला चार महिने आहेत. माझ्या मरणाचा काय भरवसा, मी लांबवलेही असते.

ते उभ्याउभ्या बारा पाने वाचत राहिले. मग म्हणाले, "दोन वर्सं शिवणयंत्रात ठिवलं व्हय? जळका माणूस." पुढचे पान उलटून, डोळे पुसून: "आकडे मातर माज्यापरीस चोख हायती." शाहिस्ताने न मागता दोन कप आणले. दोन्हींत आले होते.

पुण्याच्या बाईंना आमच्या नोंदी जातील तेव्हा गेनबांचे नाव आधी घालावे, असे मी सांगितले आहे. मनापासून नाही, पण सांगितले आहे.

या कागदावर मात्र लिहून देणाऱ्याने आधी सही करायची आणि साक्षीदाराने नंतर, खाली. वकीलबाईंना दोनदा विचारून खात्री केली.

ठिकाण: भोर. तारीख: ११ फेब्रुवारी २०२६.

लिहून ठेवणार: उस्मान हाशिम तांबोळी (सही)

साक्षीदार, खाली:
१. गेनबा रखमाजी धुमाळ, उत्रोली (सही)
२. आनंदराव चिमाजी खोपडे, शेजारी, भोर (सही)