दुसरा ब्रेक आणि गाद्यांचा टेम्पो

ती. मामांना,

आधी घटना, मग नमस्कार. क्रम उलटा आहे हे मला माहीत आहे. पण नमस्कार आधी केला की तुम्ही "हिला काहीतरी हवंय" म्हणून पत्र बाजूला ठेवता.

१. शनिवारी सकाळी मामीला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं.
२. तुम्ही बाहेरगावी होता. आपल्या ड्रायव्हिंग शाळेची गाडी दारात होती.
३. गाडी मी चालवली.
४. माझ्या शिकाऊ परवान्याची मुदत आधीच संपली होती.
५. परत येताना मोठ्या चौकात गाडी मधोमध बंद पडली.
६. मागून गाद्यांनी भरलेला टेम्पो येऊन धडकला.
७. कुणालाही लागलेलं नाही. मामी घरी आहे. गाडी पोलीस चौकीच्या आवारात आहे.

आता साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? घसा बसला नाही ना? ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या संमेलनात तुमचं "नियम पाळा, अपघात टाळा" हे भाषण झालं असेलच, टाळ्याही पडल्या असतील. त्या ओसरल्यावरच हे पत्र तुमच्या हाती पडावं अशी माझी इच्छा आहे. (फोन केला नाही, कारण फोनवर न पटणारी गोष्ट आली की तुमच्याकडची रेंज जाते. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुम्ही म्हणाल, पोरगी पाटी गिरवते आहे. कारण आहे, ते शेवटी येईल.)

मी गाडी का चालवली, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. मी मामीला टॅक्सी बोलावू म्हटलं. मामी म्हणाली, "अगं, दारावर हातभर पाटी आहे ड्रायव्हिंग स्कूलची. त्या घरातली बाई टॅक्सीतून उतरलेली लोकांनी पाहिली, तर शिकायला कोण येईल?" मी म्हटलं, माझ्या परवान्याची मुदत संपली आहे. त्यावर मामी म्हणाली, "लायसन संपलं म्हणजे हातपाय विसरले का गाडी?" मी तिला शांतपणे समजावलं की मी ब्रेकच्या चाचण्या घेते ते आमच्या कारखान्याच्या बंद धावपट्टीवर, तिथे परवाना विचारत नाहीत, कारण तिथे समोरून कुणी येत नाही. रस्त्यावर येतात. मामीने हे सगळं ऐकून घेतलं, खुंटीवरची किल्ली काढली आणि म्हणाली, "बरं मग, मीच नेते." मामा, मामीने आजवर पायाने चालवलेलं सर्वांत मोठं यंत्र म्हणजे शिलाई मशीन. तेव्हा दोन बिनपरवान्यांपैकी त्यातल्या त्यात बरी कोण, एवढाच निर्णय माझ्या हातात उरला होता. तो मी घेतला. (तिसरा पर्याय होता, किल्ली हिसकावून गच्चीवर जाऊन बसणं. तो मला दुपारी सुचला.)

जाताना काही झालं नाही. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे कुणी ते लक्षात ठेवणार नाही. मागच्या सीटवर तुमचे ते सरावाचे नारिंगी शंकू, जादा टायर आणि फळा, त्यामुळे मामीला पुढे, तुमच्या जागेवर बसावं लागलं. इतकी वर्षं संसार केला, पण शिकवणाऱ्याच्या जागेवर ती पहिल्यांदाच बसत होती. पर्स पायाशी ठेवायला वाकली आणि तिथला दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक तिला दिसला. "हे काय गं, इथेही आहे?" मी म्हटलं, शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने गाडी थांबवायची, त्यासाठी. "म्हणजे मी दाबलं तरी थांबेल?" मी हो म्हटलं. माझं उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं. प्रात्यक्षिक नको, हे मात्र मी वेगळं सांगितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी मामीच्या डोळ्यांत थेंब घातले. तुम्हाला त्याचा अनुभव नाही, म्हणून सांगते: त्या थेंबांनी बाहुल्या मोठ्या होतात, उजेड खुपतो आणि काही तास सगळं जग धुक्यात घातल्यासारखं दिसतं. अशा अवस्थेत मामी पुन्हा तुमच्या जागेवर बसली, आणि माझ्यावरच्या मायेपोटी तिने ठरवलं की पोरीला मदत करायची. पहिला ब्रेक तिने एका म्हशीसाठी मारला. ती टपालपेटी होती. दुसरा मारला तो आडव्या आलेल्या बाईसाठी. ती दोरीवर वाळत घातलेली चादर होती आणि रस्त्याच्या पलीकडे होती. मी म्हटलं, "मामी, पाय वर घे." ती म्हणाली, "तू पुढे बघ, बाकीचं मी बघते." नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

मोठ्या चौकात हिरवा दिवा होता. मी मधोमध पोचले आणि मामी ओरडली, "हत्ती!" तो पाण्याचा टँकर होता, आणि उभा होता. तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. क्लच न दाबता ब्रेक दाबल्याने इंजिनही बंद पडलं. एक व्यावसायिक मत नोंदवते: आपल्या म्हातारीचा (गाडीचा, मामीचा गैरसमज नको) ब्रेक उत्कृष्ट आहे. आमच्या धावपट्टीवर नव्या गाड्या इतक्या जागच्या जागी थांबत नाहीत. मागच्या टेम्पोला ही माहिती नव्हती. आपला मागचा दिवा फुटला, डिकी आत गेली, आणि टेम्पोच्या टपावरची एक गादी दोर तुटून आमच्या पुढच्या काचेवर येऊन अलगद पसरली. मामी म्हणाली, "अगं बाई, ढग पडला!"

टेम्पोवाला उतरून आला. आपल्या मागच्या काचेवर "शिकाऊ चालक, अंतर ठेवा" अशी पाटी आहे, ती मी त्याला दाखवली. तो म्हणाला, "ताई, अक्षर एवढं बारीक आहे की वाचायला जवळ यावं लागलं." (ही पाटी तुम्ही स्वतः रंगवली होती आणि "लांबून ठसठशीत दिसते" असंही म्हणाला होता. हे फक्त लक्षात ठेवा.) माणूस मात्र सज्जन निघाला. त्याच्याकडे परवाना होता, विमा होता, गाडीची सगळी कागदपत्रं होती. त्या चौकात कायद्याला धरून असलेला तो एकटाच, आणि धडकही त्यानेच दिली.

मग हवालदार आले. त्यांनी साधा प्रश्न विचारला, गाडी कोण चालवत होतं? मी नेमकं उत्तर दिलं: स्टिअरिंग, गिअर आणि अॅक्सिलरेटर माझ्याकडे होते, ब्रेक यांच्याकडे. हवालदारांनी टोपी मागे सरकवली. "म्हणजे चालवत होता तुम्ही, आणि थांबवली यांनी?" मी हो म्हटलं. "आणि धडक बसली ती गाडी थांबलेली असताना?" हो. "मग त्या वेळी ड्रायव्हर कोण?" हा प्रश्न खरोखर चांगला होता आणि मी त्याचा विचार करू लागले, तेवढ्यात मामी मदतीला धावली. "साहेब, पोरगी हुशार आहे हो, ब्रेकचीच इंजिनिअर आहे!" ते म्हणाले, "मग ब्रेक तुम्ही का मारला?" मामी म्हणाली, "तिचा पाय दुसऱ्या कामात होता." शेवटी त्यांनी एका गाडीचे दोन चालक लिहिले, दोघीही विनापरवाना. त्यांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं म्हणे. मामीला याचा थोडा अभिमान वाटतो आहे असा मला संशय आहे. त्यावर ती हवालदारांना आणखी एक वाक्य बोलली. ते ताजा कलमात.

विमावाले काका चौकीत डिकी पाहून संध्याकाळी घरी आले. त्यांनी खुर्चीही घेतली नाही. मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी चालवली, म्हणजे विमा विसरा, असं म्हणाले. आणि मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, "मागे टेम्पोच्या जागी एखादा सायकलवाला असता तर काय केलं असतं?" रात्री जेवताना मामी अचानक म्हणाली, "टॅक्सीच बरी होती."

आता मुख्य मुद्दा. माझ्यावर आणि मामीवर जे व्हायचं ते होईल, त्याची काळजी नको. पण गाडी शाळेची आहे. शुक्रवारी सकाळी मालकाने चौकीत स्वतः हजर राहायचं आहे आणि आपला चालू परवाना दाखवायचा आहे. मुदत संपलेल्या मुलीच्या हाती गाडी पडली कशी, हेही सांगायचं आहे. शाळेची मान्यता राहते की जाते ते त्यावर ठरणार. तुमची पंचवीस वर्षांची शाळा माझ्या एका फेरीत बंद पडली, असं मला आयुष्यभर ऐकायचं नाही. तेव्हा गुरुवारपर्यंत घरी या, एवढी विनंती. घरी बाकी सगळं ठीक. मामीचे डोळे निवळले आहेत. आता तिला टपालपेटी टपालपेटीच दिसते.

तुमची भाची,
मोजपट्टी (हे नाव तुम्हीच ठेवलंत)

ता. क. १ : मामीचं ते वाक्य. हवालदार माझा परवाना उलटसुलट करत होते, तेव्हा मामी म्हणाली, "एवढं काय त्यात? ह्यांचं तर गेल्या वर्षीच संपलंय. शाळा चालू आहे की!" हवालदारांचा पेन थांबला. "कुणाचं संपलंय?" मामी म्हणाली, "कुणाचं नाही," आणि गादीकडे पाहू लागली. त्यांनी ते लिहिलं की नाही हे मला दिसलं नाही. मामा, मी घरी येऊन विचार केला. वर्षभर तुम्ही आम्हाला गाडी रस्त्यापेक्षा खडूने फळ्यावरच जास्त शिकवता आहात. मी कायमच्या परवान्याच्या परीक्षेला बसते म्हटलं की "अजून तयार नाहीस" म्हणता. परीक्षेला विद्यार्थ्यासोबत शिकवणाऱ्यालाही आरटीओच्या खिडकीपाशी उभं राहावं लागतं, आणि तिथे कुणीतरी तुमचंही लायसन मागितलं असतं. शिवाय ज्याच्या परवान्याची मुदत संपली तो कायद्याने शिकवणारा नव्हे. म्हणजे त्या वर्षात मी तुमच्या शेजारी बसून जे शिकले, ते कायद्याने शिकलेच नाही.

ता. क. २ : मामीने दवाखान्यात एक नाही, दोन नंबर लावले होते. दुसरा तुमचा. तुमच्या वयाला परवान्याचं नूतनीकरण करायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि तो टाळण्यासाठी तुम्ही परवानाच संपू दिला, हे तिने मला शेवटी सांगितलं. मग मला तुमची ती प्रसिद्ध पद्धत आठवली. "सांग पाहू, पुढच्या गाडीचा नंबर काय? त्या पाटीवर काय लिहिलंय? आता कुठला दिवा लागला?" गावभर कौतुक होतं, मामा मुलांना कसं चौकस बनवतात. आम्ही चौकस झालो हे खरं. पण तुम्ही आमची परीक्षा घेत नव्हता. आमच्याकडून वाचून घेत होता.

म्हणून खरी विनंती ही : ज्या मित्रासोबत संमेलनाला गेलात, त्यांची गाडी चालवत परत येऊ नका. त्यांना दुपारी झोप येते म्हणून जाताना तुम्हीच चालवलीत, हे मला कळलं आहे. हे पत्र घेऊन येणारा माणूस तोच गाद्यांचा टेम्पोवाला आहे. तो बुधवारी गाद्या उतरवून मोकळा परत निघतो. त्याच्या शेजारी बसून या. (त्याच्या बाजूला दुसरा ब्रेक नाही, मी खात्री करून घेतली आहे.) गुरुवारी सकाळी डॉक्टरांकडे तुमचा नंबर आहे, टॅक्सीने जाऊ, लोकांना बघायचं तर बघू दे. शुक्रवारी चौकीत खरं तेच सांगू. नंतर परवान्याच्या रांगेत तुम्ही पुढे आणि मी तुमच्या मागे. शाळा महिनाभर बंद राहिली तरी चालेल. मला दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून शिकायचं नाही.

तुम्ही म्हणाल, पोरीने स्वतःची चूक माझ्या डोळ्यांवर ढकलली. काही अंशी खरं आहे.

ता. क. ३ : तुमचे डोळे ठणठणीत असतील तर वरचं सगळं मी मागे घेते आणि जाहीर माफी मागते. पत्र आतापर्यंत मोठ्या अक्षरात होतं. खालची ओळ माझ्या नेहमीच्या बारीक अक्षरात आहे. ती स्वतः वाचायची. मित्राकडून किंवा टेम्पोवाल्याकडून वाचून घ्यायची नाही.

मामीने दवाखान्याखालच्या दुकानात तुमच्या चष्म्यासाठी फ्रेम पसंत केली आहे. डोळ्यांत थेंब असताना केल्यामुळे तिला ती काळी वाटली, पण ती जांभळी आहे आणि कडेला चमकी आहे. हरकत असल्यास बुधवारपर्यंत कळवावे.