सुतळीचं माप

नगर,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

नंदे,

तुझ्या दादाचा रामराम. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं, आणि महिना झाला तरी एकाच गावात टिकून आहे. छबुआत्याला हे सांग, तिचा विश्वास बसणार न्हाई.

हनुवटीचे टाके निघाले का? कोपर वाकतं का?

चिठ्ठी कशाला, म्हणशील. फोन आप्पांचा, तोही स्पीकरवर. त्यात तू हसलीस की मला गंमत सुचते आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून सायकली गुंडाळून येतात त्या मोठ्या कागदावर लिहितोय.

तुझे सायकलीच्या शर्यतीचे बूट ज्या दुकानातून घेतले, तिथंच आता कामाला आहे. मालक विठ्ठलराव पूर्वी शर्यती मारायचे. परवा एक गिऱ्हाईक सकाळी बूट घ्यायला आलं, तर यांनी त्याला संध्याकाळी बोलावलं. दिवसभरात पाय फुगतो, सकाळचं माप खोटं. मग मोजे घालून उभं केलं, दोन्ही पाय मोजले. एक पाय थोरला असतो म्हणे. माझा उजवा निघाला, घराबाहेर आधी तोच पडत असेल. शेवटी बूट घालून त्याची टाच चिमटीत धरली नि म्हणाले, "आता उचला." टाच हलली. "काढा. पुढं बोटं हलली पाहिजेत, मागं टाच न्हाई."

मी मधेच बोललो, "पुढं चिंधी कोंबली तर?"

"चिंधी उंदराच्या बिळात कोंबतात रे! ह्या बुटाच्या तळाला खटका हाय, तो पायडलात अडकतो. टाच बाहेर फिरवली तरच सुटतो. ढिल्या बुटात पाय आतल्या आत फिरतो, बूट तिथंच. मग माणूस सायकलीसकट आडवा."

मी उठून नळावर गेलो.

नांदूरघाट फाट्यावर शेरडं आडवी आली नि तू पडलीस, तेव्हा फोनवर तूही हेच म्हणालीस ना? "दादा, पाय फिरवला, पण सुटलाच न्हाई." आणि त्याच्या आठ दिवस आधी, "दादा, टाच निघते." मी काय सांगितलं? मोज्यावर मोजा घाल, पुढं चिंधी कोंब.

शेरडांवरून आठवलं. न्हाई, आठवलं कसलं, रोजच आठवतं.

तू हातभर सुतळीला दोन गाठी मारून दिल्या होत्यास, टाच आणि अंगठा, तुझ्या पायाचं माप. ती खिशात घालून मी नगरला निघालो आणि उगंच आष्टीला उतरलो, बाजार होता. तिथं साखराबाई म्हणून एका म्हातारीच्या शेरडाचं दावं तुटलं. बाई ओरडायली, "आरं धरा की, बघताय काय!" मी धरलं आणि खिशात हात घालून हाताला आली त्या सुतळीनं दावं जोडून दिलं. तिनं चहा पाजला. म्हातारी लई बोलकी. गाडीत बसल्यावर खिसा चाचपला, तर माप शेरडाच्या गळ्यात.

तुला फोन करता आला असता. तू म्हणाली असतीस, दादा, एवढंसं काम दिलं होतं. म्हणून दुसरी सुतळी घेतली, माझ्या पायाला लावली, दोन बोटं कमी केली, आणि वर बोटभर वाढीव धरलं. वाढत्या पोरीला आपल्याकडं धरतात तसं. विठ्ठलरावांनी विचारलं, "पोरगी न्हाई आली? माप पक्कं?" मी म्हणालो, पक्कं.

एवढंच असतं तरी चाललं असतं.

तू पडलीस त्या दिवशी आप्पांनी फोनवर विचारलं, "युवराज, बुटात तर खोट न्हाई ना?" मी म्हणालो, "न्हाई आप्पा, मापानंच आणलेत. तिलाच जमंना."

स्पीकर चालू होता. तू शेजारीच होतीस. आप्पा म्हणाले, "मग बास झालं. तेरा तारखेच्या गुरुवारी ऊसतोडीच्या टोळीच्या ट्रकात तीबी येईल. रविवारची सायकलीची निवडबिवड बंद."

नंदे, तुला जमतं. खोट बुटात होती, आणि बुटात ती मी घातली.

आता असं कर. ते बूट पायात घालू नको. ही चिठ्ठी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव, काही गाळू नको. टोळीत हात कमी पडत असेल तर गुरुवारी ट्रकात मी चढतो. ऊस मला तोडता येतो, टिकत न्हाई एवढंच. ह्या खेपेला टिकेन.

मग संध्याकाळी मोजे घालून ह्याच कागदावर उभी राहा. मागची बाजू मी कोरी ठेवलीय, दोन्ही पाय मावतील. भार देऊन उभी राहा आणि पेन्सिल आप्पांच्या हातात दे. त्यांनी वाकून तुझ्या पायांभोवती फिरवली, तर तू रविवारी बीडला निवडीला जाणार, हे मला वेगळं कळवायला नको.

कागद केजच्या गाडीवरच्या राम कंडक्टरांकडं दे. नवे बूट मात्र ह्या खेपेला त्यांच्या हाती पाठवणार न्हाई. बुधवारी मी घेऊन येतो. तुझ्या पायात घालून, टाच चिमटीत धरून बघितल्याशिवाय उठणार न्हाई.

तुझ्या पडण्याचा धनी,
युवराजदादा